आधी जागा, मग सिनेमा : एक प्रस्तावना

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात रात्र ही कामाची वेळ आहे. भोसरीच्या वर्कशॉपांत आणि चाकणच्या मोटार कारखान्यांत तिसरी पाळी चालू असते. कंपन्यांच्या बसगाड्या मध्यरात्री माणसं उतरवतात आणि दुसरी माणसं घेऊन परत जातात. निगडीला, नाशिक फाट्याला, चाकणच्या तळेगाव चौकात उशिरापर्यंत चहा मिळतो. इतकी माणसं रात्री जागी असतात, तरी क्वीअर माणसांची म्हणून ओळखली जाणारी रात्रीची एकही कायमची जागा या पट्ट्यात नाही. क्लब नाही, पब नाही, एखादं छोटं सभागृहही नाही. आणि हे पुस्तक नेमकं अशाच जागांविषयी आहे: क्वीअर माणसांच्या रात्रीच्या जागा आणि शहराच्या चित्रपटसंस्कृतीशी त्यांचं नातं.

जिथे जागाच नाही तिथे हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडणं रास्त आहे. त्याचं उत्तर देणं हेच या प्रस्तावनेचं काम आहे असं मी मानतो.

या लेखनामागचा माझा विश्वास साधा आहे. सिनेमा जागेच्या मागून येतो. माणसं आधी कुठेतरी एकत्र बसतात, एकमेकांना ओळखतात, गाणी म्हणतात, नकला करतात, भांडतात, प्रेमात पडतात. त्यातून गोष्टी तयार होतात, त्या सांगण्याचं धाडस तयार होतं, आणि मग कोणीतरी कॅमेरा उचलतो. बहुतेकांना ही जागा घरात, कट्ट्यावर, कॉलेजच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या मांडवात आपसूक मिळते. समलिंगी मुलाला, मुलीला, तृतीयपंथी माणसाला यांपैकी कुठेही मोकळेपणी बसता आलं नाही. म्हणून त्यांच्या वाट्याला रात्र आली, आणि रात्रीत जी जागा सापडली ती त्यांनी आपली केली. पब, परमिट रूम, तमाशाचा तंबू, शेवटच्या खेळाचं थिएटर, मित्राची भाड्याची खोली या सगळ्या जागा मी या विषयात धरतो. चित्रपटाचा इतिहास लिहिताना आपण स्टुडिओ मोजतो, दिग्दर्शक मोजतो, थिएटरं मोजतो. या जागा मोजायच्या राहून गेल्या आहेत.

भारतीय सिनेमाची सुरुवातच पाहा. दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळत नव्हती. कुलीन घरातल्या बायका येणं शक्यच नव्हतं. वेश्यावस्तीत चौकशी केली, तिथेही नकार आला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंखे त्यांना सापडले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला तेव्हा भारतीय प्रेक्षकाने पडद्यावर पाहिलेली ही नायिका पुरुष होती. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंखेच झाले. साळुंख्यांच्या खासगी आयुष्याबद्दल यातून काही ठरत नाही आणि ठरवूही नये. मला दिसतं ते एवढंच की प्रतिष्ठित घरांनी दार लावलं तेव्हा सिनेमाने शहराच्या कडेच्या जागांकडे पाहिलं, आणि स्त्री-पुरुषांच्या भूमिकांची सरमिसळ घेऊनच तो उभा राहिला.

ही सरमिसळ महाराष्ट्राला नवी नव्हती. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने राजगुरुनगर आणि मंचर ओलांडलं की नारायणगाव येतं. त्याला तमाशापंढरी म्हणतात ते उगाच नाही. चैत्रातल्या यात्रांचा हंगाम आला की इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. औद्योगिक पट्टा आणि तमाशाचा पट्टा एकाच रस्त्यावर आहेत, ही गोष्ट या पुस्तकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. तमाशात स्त्रिया आल्या त्या मागाहून. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा ही फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री कलावंत मानली जाते. त्याआधी लावणीवर नाचायला पोऱ्या असे, आणि स्त्रिया आल्यानंतरही नाच्या गेला नाही. गवळणीतली मावशी आजही पुरुषच रंगवतो. तिच्या चालण्या-बोलण्यावर हसणाऱ्या हजार माणसांत एखादा मुलगा हसता हसता गप्प होत असेल, कारण आपल्यासारखं कोणीतरी त्याने पहिल्यांदाच उजेडात पाहिलेलं असेल. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या गावांत अशा मुलांसाठी रात्रीची पहिली जागा तमाशाचा तंबू हीच होती.

मराठी सिनेमाने हा तंबू उचलला आणि पडद्यावर आणला. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. त्यानंतर तमाशापटांची जी लाट आली तिच्यात नाच्या हा हमखास लागणारा माणूस होता. कोल्हापूरच्या गणपत पाटील यांनी ही भूमिका इतकी जिवंत केली की लोकांनी पडद्याबाहेरही त्यांना तेच समजायला सुरुवात केली, आणि त्याची झळ त्यांच्या घरालाही लागली. हशा मिळाला, मान मिळाला नाही. सिनेमाने जागा घेतली, जागेतल्या माणसाचं दुःख मात्र बरीच वर्षं बाहेरच ठेवलं.

ते आत यायला २०१० उजाडावं लागलं. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा, रवी जाधव दिग्दर्शित 'नटरंग' १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. त्यातला गुणा हा तालमीत घुमलेला मजूर. विहिरीवर यंत्र येतं आणि त्याचं काम जातं. मग तो फड उभा करतो, आणि नाच्या व्हायला कोणी तयार नसल्यामुळे स्वतः नाच्या होतो. पुढे त्याच्यावर होणारी हिंसा चित्रपट लपवत नाही. यंत्रामुळे काम गेलेला मजूर आणि बायकी म्हणून हिणवला गेलेला कलावंत एकाच देहात दाखवणारा हा चित्रपट औद्योगिक पट्ट्यातल्या प्रेक्षकाने वेगळ्या डोळ्यांनी पाहिला असणार, असं मला नेहमी वाटतं. त्याच्या आदल्याच वर्षी राजीव पाटील यांच्या 'जोगवा'ने जोगत्याच्या आयुष्यातली सक्ती समोर आणली होती. उपेंद्र लिमये यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'नटरंग'मधल्या लावण्या पुरुष नर्तकांच्या कार्यक्रमांत हक्काने आल्या. म्हणजे तंबूतून पडद्यावर गेलेली कला पडद्यावरून पुन्हा मंचावर उतरली. 'बिन बायकांचा तमाशा'सारख्या कार्यक्रमांनी पुरुषांच्या लावणीला तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळवून दिला होताच.

शहरी क्वीअर रात्रीचा दुसरा प्रवाह मुंबईचा. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. त्या दशकात कुलाब्यातला 'वूडू' हा पब शनिवारच्या रात्री समलिंगी पुरुषांनी भरत असे. १९९८ पासून 'गे बॉम्बे' या गटाने पार्ट्या, गप्पांच्या बैठका, पालकांच्या भेटी आणि चित्रपटांचे खेळ सुरू केले. पार्टी आणि चित्रपट एकाच गटाच्या कार्यक्रमपत्रिकेवर होते, हे इथे ध्यानात घ्यावं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम तेव्हा डोक्यावर होतं, मुंबई पोलीस कायद्यातलं असभ्य वर्तनाचं ११० कलम हाताशी होतं. अशा काळात अंधाऱ्या खोलीत एकत्र बसून चित्रपट पाहणं हे नाचण्याइतकंच जोखमीचं होतं, आणि तितकंच आनंदाचंही.

त्याच वातावरणातून १९९६ मध्ये रियाद वाडिया यांचा 'बॉमगे' आला. जेमतेम १२ मिनिटांचा लघुपट, आर. राज राव यांच्या कवितांवर बेतलेला. 'हंटरवाली' काढणाऱ्या वाडिया घराण्यातला हा दिग्दर्शक, आणि पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा हा कवी. सेन्सॉरकडे जायचंच नाही असं ठरवून केलेला हा चित्रपट खासगी खेळांतून आणि महोत्सवांतून फिरला. राव यांनी पुढे विद्यापीठात क्वीअर साहित्याच्या अभ्यासाला जागा करून दिली आणि 'द बॉयफ्रेंड' ही कादंबरी लिहिली. 'बॉमगे' हे मुंबईची रात्र आणि पुण्याचा वर्ग यांचं ठळक सहकार्य होतं. श्रीधर रंगायन यांच्या 'गुलाबी आईना'ने २००३ मध्ये स्त्रीवेशात मंचावर येणाऱ्या ड्रॅग कलावंतांचं घर पडद्यावर आणलं. त्याला सेन्सॉरने प्रमाणपत्र नाकारलं. त्याच रंगायन यांनी २०१० मध्ये 'कशिश' हा क्वीअर चित्रपट महोत्सव सुरू केला आणि तो थेट मल्टिप्लेक्समध्ये नेला. पुढे २०१४ पासून तो मरीन लाइन्सच्या लिबर्टी थिएटरात भरू लागला. मेहबूब खान यांच्या 'अंदाज'ने १९४९ मध्ये उघडलेलं ते देखणं थिएटर. ज्यांना पबच्या मागच्या दाराने आत जावं लागे, ते लिबर्टीच्या संगमरवरी जिन्यावरून मिरवत वर जाऊ लागले. या प्रवासाला वीस वर्षं लागली, आणि त्यातलं प्रत्येक पाऊल कोणत्या ना कोणत्या रात्रीच्या जागेवर टेकलेलं होतं.

पबमध्ये नेमकं काय घडत होतं, जे सिनेमाला उपयोगी पडलं? पहिली गोष्ट गाण्यांची. हिंदी सिनेमा पार्श्वगायनावर उभा आहे. पडद्यावर देह एकाचा, आवाज दुसऱ्याचा, आणि प्रेक्षक ते आनंदाने मान्य करतो. ड्रॅग कलावंत गाण्यावर ओठ हलवतो तेव्हा तो हाच करार एक पाऊल पुढे नेतो. हेलन, रेखा, श्रीदेवी, माधुरी यांची नृत्यं या मंचांवर जितक्या बारकाईने जपली गेली तितकी क्वचितच कुठे जपली गेली असतील. हात कुठे थांबतो, मान कधी वळते, पदर कोणत्या मात्रेवर सुटतो, हे सगळं तिथे शिकवलं जातं, तपासलं जातं. हे चित्रपट-रसग्रहणच आहे, फक्त ते देहाने केलेलं आहे. दुसरी गोष्ट कसबाची. केशभूषा, रंगभूषा, वेशभूषा, नृत्यदिग्दर्शन या चित्रपटव्यवसायातल्या खात्यांत क्वीअर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं, आणि एकमेकांना काम मिळवून देण्याची त्यांची ठिकाणं हीच होती. तिसरी गोष्ट प्रेक्षकाची. आपण एकटे नाही हे कळलेला प्रेक्षक पडद्याकडून वेगळी मागणी करतो. विनोदासाठी वापरलेला बायकी नोकर त्याला पुरत नाही.

जगाच्या इतिहासातही हाच क्रम दिसतो. १९१९ मध्ये जर्मनीत रिचर्ड ऑस्वाल्ड यांनी 'आंडर्स आल्स दी आंडर्न' हा समलिंगी प्रेमाची बाजू घेणारा चित्रपट केला. लैंगिकतेचे अभ्यासक माग्नुस हिर्शफेल्ड त्यात स्वतः दिसतात. बर्लिनच्या रात्रीच्या जगाशिवाय तो चित्रपट संभवला नसता. नाझी आले तेव्हा 'एल्डोराडो'सारखे क्लब बंद झाले, हिर्शफेल्ड यांच्या संस्थेची पुस्तकं जाळली गेली, आणि या चित्रपटाचे आज तुकडेच उरले आहेत. जागा आणि चित्रपट एकत्र जन्मले, आणि एकत्रच मारले गेले. सॅन फ्रान्सिस्कोत १९७७ मध्ये सुरू झालेला 'फ्रेमलाइन' महोत्सव अशाच एका वस्तीच्या मेळाव्यातून वाढला. जेनी लिव्हिंगस्टन यांच्या 'पॅरिस इज बर्निंग'ने न्यूयॉर्कच्या काळ्या आणि लॅटिन क्वीअर तरुणांच्या बॉल-रात्री, म्हणजे वेश आणि नृत्याच्या स्पर्धांच्या रात्री, टिपल्या, आणि १९९१ मध्ये सनडान्स महोत्सवात माहितीपटाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. चौतीस वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याच सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक एका मराठी चित्रपटाने मिळवलं: रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं'.

'साबर बोंडं'कडे मी मुद्दाम वळतो, कारण त्यात पब नाही, ड्रॅग नाही, शहरातली पार्टी नाही. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला त्याचा जुना मित्र बाळ्या यांची ती गोष्ट. पण आनंदच्या अंगात जो शांतपणा आहे, आपण कोण आहोत हे त्याला ज्या सहजपणे ठाऊक आहे, ते त्याला शहराने दिलेलं आहे, आणि कानवडे यांच्यासारख्या दिग्दर्शकांना प्रेक्षक मिळवून देण्यात कशिशसारख्या महोत्सवांचा वाटा आहे. त्यांचा 'यू फॉर उषा' हा लघुपट याच वर्तुळात पाहिला गेला, वाखाणला गेला. निशांत रॉय बोंबार्डे यांच्या 'दारवठा'चंही तसंच. म्हणून ज्या चित्रपटात रात्रीची जागा दिसत नाही त्याच्या पाठीशीही ती उभी असते.

आता पुन्हा आपल्या पट्ट्याकडे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली, मग टेल्को, बजाज, मग पुढच्या पिढीत चाकणच्या मोटार कंपन्या. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर लोक. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, उत्तर प्रदेश इथून आलेल्या तरुणांनी हे शहर भरलं. आयटीआय करून आलेला अप्रेंटिस, कंत्राटी कामगार, रात्रपाळीची ऑपरेटर मुलगी. हे तरुण कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत पाच-सहा जण, प्रत्येकाची पाळी वेगळी, कोणीतरी कायम झोपलेलं. तिथे प्रेम करायला तर सोडाच, फोनवर मोकळं बोलायलाही कोपरा नसतो. मोबाइलवर उशीखाली पाहिलेला चित्रपट हाच मग त्यांचा चित्रपट. तो पाहताना कोणाबरोबर हसता येत नाही, रडता येत नाही, संपल्यावर कोणाशी बोलता येत नाही. माझ्या मते पट्ट्यातल्या क्वीअर तरुणांची सर्वांत मोठी वंचितता हीच आहे. त्यांना चित्रपट मिळतो, सहप्रेक्षक मिळत नाही.

आधी निदान थिएटरं होती. पिंपरीचं अशोक, चिंचवडचं जयश्री यांसारख्या एकपडदा थिएटरांत कमी पैशांत तीन तास अंधार मिळे. जगभरच्या शहरांत अशा थिएटरांच्या मागच्या रांगांनी समलिंगी पुरुषांना आसरा दिला आहे. त्या आसऱ्यात धोका होता, ब्लॅकमेल होतं, अपमान होता. त्याचे गोडवे गाणारं चित्र मला काढायचं नाही. पण मल्टिप्लेक्स आलं तेव्हा तिकीट महाग झालं, सुरक्षारक्षक आला, कॅमेरा आला, आणि गरीब माणसाचा अंधार गेला. त्याची जागा डेटिंग ॲपने घेतली. ॲपवर ओळख होते, पण भेटायचं कुठे हा प्रश्न राहतोच, आणि निर्जन जागी बोलावून मारहाण, लूट, धमक्या असे गुन्हे महाराष्ट्रातल्या शहरांत नोंदले गेले आहेत. सुरक्षित, उजेडाची, माणसांनी भरलेली जागा असणं हा म्हणूनच चैनीचा प्रश्न नाही.

पुणे जवळ आहे, हे खरं. फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये क्वीअर लोकांसाठी समपथिक ट्रस्ट स्थापन केला, २०११ पासून पुण्यात अभिमान पदयात्रा निघते, आणि सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी पुण्याच्याच घरात घडते. पण चाकणच्या मुलाला हे पुणे फार लांब आहे. चाकणला प्रवासी रेल्वे नाही. रात्री उशिरा परतायला बस नाही, रिक्षाचं भाडं दिवसाच्या मजुरीएवढं. क्लबच्या दारात एकट्या पुरुषाला प्रवेश नाही, जोडपं लागतं, आणि दोन पुरुष म्हणजे जोडपं हे दारावरच्या माणसाला मान्य नसतं. क्वीअर पार्टी असलीच तर ती बहुधा शनिवारी. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी मात्र गुरुवारची. शहरातल्या पांढरपेशांचं कॅलेंडर आणि कामगारांचं कॅलेंडर जुळत नाही, आणि क्वीअर रात्रजीवनाच्या आजवरच्या लेखनात ही साधी गोष्ट कुठे दिसत नाही. ती दिसावी म्हणून हे पुस्तक या पट्ट्यातून लिहिलं जायला हवं होतं.

पबची रात्र सर्वांना सामावून घेते असं मानणंही चूक ठरेल. तिथे पैसे लागतात, इंग्रजी लागतं, विशिष्ट कपडे लागतात. समलिंगी स्त्रियांना तर रात्री घराबाहेर पडणंच अवघड, त्यामुळे त्यांच्या जागा बहुतेक वेळा कोणाच्या तरी घरात राहिल्या आणि त्यांचा इतिहास अधिकच पुसट झाला. तृतीयपंथी स्त्रियांना ग्राहक म्हणून दारात अडवलं जातं आणि नाचायला मात्र बोलावलं जातं. राज्याने २००५ मध्ये डान्स बारवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती रद्द ठरवली. मधल्या आठ वर्षांत ज्यांची रोजी गेली त्यांची मोजणी कोणी केली नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ कलमाचा जाच संपला. त्या लढ्यातल्या याचिकाकर्त्यांत 'किटी सू' क्लब चालवणाऱ्या हॉटेलसमूहाचे केशव सुरी होते, ही या विषयासाठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. तशाच मंचांच्या जगातून सुशांत दिवगीकर, म्हणजेच राणी कोहिनूर, दूरचित्रवाणीवर आणि चित्रपटांत पोचल्या. पण पंचतारांकित हॉटेलातल्या क्लबाचं दार उघडलं म्हणजे भोसरीच्या मुलीचं दार उघडलं असं होत नाही.

त्या मुलीची गोष्ट पडद्यावर एकदाच नीट आली आहे असं मला वाटतं. नीरज घायवान यांच्या 'गीली पुच्ची'त, २०२१ मध्ये. भारती मंडल ही कारखान्यात यंत्रावर काम करणारी एकटी बाई, दलित, आणि स्त्रीवर प्रेम करणारी. पात्रता असून तिला टेबलावरचं काम मिळत नाही, ते मिळतं वरच्या जातीच्या नव्या मुलीला, आणि त्याच मुलीत तिचा जीव गुंततो. कोंकणा सेन शर्मा यांनी ती ज्या संयमाने उभी केली आहे त्याला तोड नाही. मी हा चित्रपट चाकण-भोसरीचा चित्रपट मानतो, तो कुठेही चित्रित झालेला असो. जात, पाळी, पगार आणि प्रेम एकमेकांपासून सोडवता येत नाहीत हे तो दाखवतो. भारतीला पब नाही, पार्टी नाही. तिला एक जागा हवी आहे, जिथे ती कामाचे कपडे उतरवून बसू शकेल. ती जागा शहरात असती तर तिची गोष्ट वेगळी झाली असती, हे चित्रपट पाहताना सतत जाणवत राहतं.

पुढच्या लेखांकडे वाचकाने कोणत्या अपेक्षेने जावं? झगमगाटाची वर्णनं त्यांत कमी आहेत. रात्रीचा प्रवास कसा होतो, तिकिटाला किती पडतात, दारावर कोण उभं असतं, गाणं कोण लावतं, पोलीस आले तर मागचं दार कुठे आहे, अशा गोष्टींतून संस्कृतीचा इतिहास लिहिता येतो, आणि तो तसाच लिहायला हवा. तमाशाचा नाच्या, पबमधला ड्रॅग कलावंत आणि मोबाइलवर रील करणारा कंपनीतला मुलगा यांच्यात एक वंशावळ आहे. ती जोडून पाहिली तर मराठी सिनेमाचा इतिहासही वेगळा दिसू लागतो: अण्णा साळुंखे ते गणपत पाटील, 'नटरंग' ते त्याच रवी जाधवांची तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्यावरची २०२३ ची 'ताली' मालिका, आणि तिथून 'साबर बोंडं'. टिंगलीपासून मानापर्यंतचा हा रस्ता आहे आणि तो अजून अर्धाच चालून झाला आहे.

उरलेल्या अर्ध्यासाठी काय करता येईल, हे सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. महाराष्ट्रातल्या इतर शहरांच्या पुढे टाकलेलं ते पाऊल होतं, आणि त्याचं मनापासून कौतुक केलं पाहिजे. ज्या महापालिकेने कामाची जागा दिली ती सांजेची जागाही देऊ शकते. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवचं निळू फुले नाट्यगृह ही सगळी पालिकेची आहेत. लावणीचे कार्यक्रम तिथे होतातच. महिन्यातला एक गुरुवार, परवडणारं तिकीट, एक मराठी किंवा हिंदी क्वीअर चित्रपट, नंतर तासभर गप्पा, आणि शेवटी चाकण, तळेगाव, आळंदीकडे जाणारी एक बस. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. कामगार संघटना, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, फिल्म सोसायट्या आणि क्वीअर गट एका टेबलाशी बसले तर हे सुरू होऊ शकतं.

असं झालं तर इथूनही चित्रपट येतील. चाकणच्या पाळीतला, पिंपरीच्या कॉट बेसिसच्या खोलीतला, खेडच्या यात्रेतला सिनेमा, त्याच माणसांनी लिहिलेला आणि केलेला. तोपर्यंत रात्रपाळीच्या मुलाला आणि मुलीला स्वतःच्या शहरात, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, आपल्यासारख्यांच्या शेजारी बसून चित्रपट पाहता यावा, ही मागणी घेऊन हे पुस्तक वाचकांपुढे येत आहे. मी तिच्या बाजूने उभा आहे, आणि वाचकानेही उभं राहावं अशी माझी विनंती आहे.